शून्य, एक आणि दोन

संगणकावर बुद्धिबळ खेळताना पटावर मोहरी हलतात, घड्याळ उलटं चालतं, कडेची उभी पट्टी पांढऱ्याचं पारडं जड आहे की काळ्याचं ते दाखवत राहते. पाहणाऱ्याला वाटतं, हा सगळा एकाच प्रोग्रामचा कारभार. बहुतेक वेळा तसं नसतं. पट आणि घड्याळ सांभाळणारा प्रोग्राम वेगळा असतो आणि चाल शोधणारा वेगळा. या दुसऱ्याला इंजिन म्हणतात. आजचं सर्वांत नावाजलेलं इंजिन म्हणजे स्टॉकफिश. टोर्ड रोमस्टाड, योना किइस्की आणि मार्को कोस्टाल्बा यांनी ते २००८ मध्ये सुरू केलं आणि ते कुणालाही फुकट मिळतं. जगज्जेत्यांना सहज हरवणाऱ्या या प्रोग्रामला पटाचं चित्र काढता येत नाही. त्याला खिडकी नाही, बटणं नाहीत, माउस ठाऊक नाही. त्याला दोनच गोष्टी येतात: आलेली ओळ वाचणं आणि उत्तराची ओळ लिहिणं.

पडद्यामागचं संभाषण असं चालतं. पटवाला प्रोग्राम इंजिन सुरू करतो आणि पहिली ओळ पाठवतो, 'यूसीआय'. इंजिन स्वतःचं नाव, कर्त्यांची नावं आणि बदलता येतील अशा सेटिंग्जची जंत्री सांगतं आणि 'यूसीआयओके' म्हणून थांबतं. मग 'इजरेडी' असा प्रश्न, 'रेडीओके' असं उत्तर. मग पटाची स्थिती कळवणारी ओळ: सुरुवातीची मांडणी, त्यावर ई२ई४ ही चाल. त्यानंतर 'गो', म्हणजे लाग विचाराला, आणि सोबत किती मिलिसेकंद मिळणार तो आकडा. इंजिन विचार करता करता ओळी सोडत राहतं: इतक्या खोलीपर्यंत पाहिलं, प्याद्याच्या शंभराव्या भागात मोजायचं तर इतकी आघाडी, पुढच्या चाली बहुधा अशा. शेवटी 'बेस्टमूव्ह ई७ई५'. पटवाला प्रोग्राम ती ओळ वाचतो आणि काळ्याचं प्यादं दोन घरं पुढे सरकवतो.

ही भाषा रुडॉल्फ ह्यूबर आणि स्टेफान मायर-काह्लेन या दोघांनी २००० साली ठरवली. त्यातला एक नियम फार मोलाचा आहे: सगळं बोलणं स्टँडर्ड इनपुट आणि स्टँडर्ड आउटपुटवरूनच व्हावं. या एका अटीमुळे इंजिन लिहिणाऱ्याच्या डोक्याचा मोठा ताप गेला. नेटवर्क नको, ग्राफिक्स नको. कीबोर्डवरून वाचायचं आणि पडद्यावर लिहायचं, एवढं ज्याला येतं त्याला इंजिन लिहिता येतं.

पण कीबोर्डवर तर कुणीच बसलेलं नाही. इंजिनाला हे कळत नाही, आणि कळू नये हीच योजना आहे. प्रत्येक चालू प्रोग्रामजवळ, म्हणजे प्रोसेसजवळ, उघड्या फाइलींची क्रमांकवार यादी असते. यादीतला ० हा आत येणाऱ्या मजकुराचा, १ हा बाहेर जाणाऱ्याचा आणि २ हा तक्रारींचा. प्रोसेस फक्त क्रमांक ओळखते. ० च्या मागे कीबोर्ड आहे, फाइल आहे की दुसराच प्रोग्राम, याची तिला सहसा पंचाईत नसते. ते ठरवतो तिला जन्माला घालणारा. या क्षेत्रात त्याला पॅरेंट म्हणतात आणि नव्या प्रोसेसला चाइल्ड. जोडणीचं सगळं काम पॅरेंटचं, आणि जोडणीत चूक झाली तर दोषही त्याचाच. माझ्या मते, चाइल्ड प्रोसेस अडकली म्हणून होणाऱ्या तक्रारींपैकी बहुतेकींत बिचारी चाइल्ड निर्दोष असते.

ही व्यवस्था कुठून आली ते पाहायला न्यू जर्सीतल्या मरे हिल इथल्या बेल लॅब्जमध्ये जावं लागतं. १९६९ च्या सुमारास केन थॉम्पसन आणि डेनिस रिची तिथे पीडीपी-७ या तेव्हाही जुनाट ठरलेल्या यंत्रावर युनिक्स ही ऑपरेटिंग सिस्टिम उभी करत होते. अगदी सुरुवातीला प्रत्येक टर्मिनलला एकच प्रोसेस असे. तुम्ही आज्ञा टाइप केली की आज्ञा वाचणारा प्रोग्राम, म्हणजे शेल, स्वतःच्याच जागेवर तो नवा प्रोग्राम आणून बसवायचा. नव्याचं काम संपलं की शेल पुन्हा पहिल्यापासून आणावा लागायचा.

मग फोर्क आला. कल्पना बर्कलीतल्या एका टाइमशेअरिंग प्रणालीकडून उचललेली. चालू प्रोसेसची हुबेहूब प्रत काढायची. मूळ प्रोसेस जागेवर राहते, प्रत पुढे जाते. रिचींनी नंतर लिहून ठेवलं आहे की पीडीपी-७ वर यासाठी असेंब्ली भाषेतल्या बरोबर २७ ओळी पुरल्या. फोर्क ही एकच हाक अशी आहे की मारतो एक जण आणि परततात दोघे: पॅरेंटला उत्तरात चाइल्डचा क्रमांक मिळतो, चाइल्डला शून्य. त्या उत्तरावरूनच ज्याला त्याला आपण कोण ते कळतं. प्रत निघाल्यावर चाइल्ड 'एक्झेक' ही दुसरी हाक मारते आणि आपल्या जागी हवा तो प्रोग्राम आणून बसवते. यात गंमत अशी की प्रोग्राम बदलला तरी उघड्या फाइलींची यादी तशीच राहते.

फोर्क आल्याचा आनंद चालू असतानाच एक आज्ञा बंद पडली: चालू डिरेक्टरी बदलणारी. आज्ञा दिली तरी माणूस होता तिथेच. कोड पुन्हा पुन्हा वाचला, सापडेना काही. मग उलगडलं. डिरेक्टरी बदलण्याचा प्रोग्राम आता चाइल्ड म्हणून जन्मत होता, स्वतःची डिरेक्टरी इमानेइतबारे बदलत होता आणि मरत होता. पॅरेंट शेल मात्र जिथल्या तिथे. चाइल्डनं स्वतःत केलेला बदल पॅरेंटपर्यंत पोचत नाही. म्हणूनच ही एक आज्ञा शेलला आजही स्वतःच्या पोटात ठेवावी लागते.

दुसरा घोळ जास्त शिकवणारा होता. एका फाइलीत दोन आज्ञा लिहिल्या, पहिली फाइलींची यादी देणारी, दुसरी कोण कोण लॉगिन आहे ते सांगणारी, आणि दोन्हींचं आउटपुट एका फाइलीत वळवलं. यादी उमटली आणि लगेच दुसरीनं पहिल्या ओळीपासून तिच्यावरच लिहायला घेतलं. फाइलीत कुठवर लिहून झालं याची खूण प्रत्येक प्रोसेस स्वतःपुरती ठेवत होती. दुसरीला पहिलीची खूण कुठून कळणार? उपाय म्हणून ती खूण सगळ्या प्रोसेसना सामाईक अशा तक्त्यात ठेवली गेली.

तो सामाईक तक्ता आजही तसाच आहे आणि आजही माणसांना फसवतो. समजा, एका फाइलीत वीस सर्व्हरांची नावं आहेत. एकेक नाव वाचून त्या सर्व्हरवर एसएसएच या प्रोग्रामनं आज्ञा चालवायची, असा लूप लिहिला आहे. लूप पहिल्या सर्व्हरवर नीट चालतो आणि संपतो. एररही नाही. झालेलं असतं एवढंच की एसएसएच ही लूपची चाइल्ड. तिला ० क्रमांक पॅरेंटकडून वारशानं मिळाला आणि त्यामागे ती नावांचीच फाइल होती. सर्व्हरवरच्या आज्ञेला काही इनपुट लागलं तर असावं म्हणून तिनं उरलेली एकोणीस नावं वाचून टाकली. खूण सामाईक, त्यामुळे लूप पुढचं नाव मागतो तेव्हा फाइल संपलेली. उपाय एका ओळीचा: एसएसएचचा ० डेव्ह-नल या नेहमी रिकाम्या फाइलीला जोडायचा, म्हणजे तिथून वाचायला काही मिळतच नाही.

आता पाइप. बेल लॅब्जमधल्याच डग मॅकिलरॉय यांनी १९६४ मध्ये, म्हणजे युनिक्सच्या कितीतरी आधी, एका टिपणात लिहिलं होतं की प्रोग्राम बागेतल्या रबरी नळीच्या तुकड्यांसारखे एकाला एक जोडता आले पाहिजेत. ते हे तुणतुणं वर्षानुवर्षं वाजवत राहिले. १९७३ च्या सुरुवातीला थॉम्पसननी पाइप युनिक्समध्ये घातला. पाइप म्हणजे संगणकाच्या मेमरीत राखलेली छोटी जागा: एका टोकानं बाइट टाकायचे, दुसऱ्यानं त्याच क्रमानं काढायचे. पहिल्या प्रोग्रामचा १ एका टोकाला, दुसऱ्याचा ० दुसऱ्या टोकाला, आणि मॅकिलरॉय यांची नळी तयार.

२ हा क्रमांक त्यानंतर आला, आणि तो फोटोटाइपसेटरमुळे आला. बेल लॅब्जमध्ये मजकूर सुबक छापून देणारं हे यंत्र होतं. लांब कागद छापायचा आणि मग उग्र वासाच्या दुसऱ्या यंत्रातून काढून डेव्हलप करायचा. काही मिनिटं वाट पाहावी तर कागदावर सुरेख टाइपात एकच ओळ: अमुक फाइल उघडता येत नाही. मजकूर आणि तक्रार दोन्ही १ वरूनच बाहेर पडत असल्यामुळे तक्रारही इमानदारीनं छापली गेली होती. असं एका दुपारी अनेकांचं झालं, कुरकुर योग्य माणसांच्या कानावर गेली आणि काही दिवसांत तक्रारींना वेगळी वाट मिळाली.

शेलमध्ये काम करणाऱ्यांना '२>&१' ही खूण पाठ असते, अर्थ कमी जणांना. त्याचा अर्थ: १ सध्या जिकडे जातो तिकडेच २ ला वळव. 'सध्या' हा शब्द महत्त्वाचा. आधी १ फाइलीकडे वळवून मग ही खूण लिहिली तर दोन्ही फाइलीत जातात. क्रम उलटा केला तर २ टर्मिनललाच चिकटतो, कारण तो वळवला तेव्हा १ अजून टर्मिनलकडेच होता. शेल डावीकडून उजवीकडे वाचतो, बाकी गूढ काही नाही.

आता पटवाल्या प्रोग्रामच्या जागी बसून इंजिन सुरू करू. दोन पाइप लागतील, एक जाण्याचा आणि एक येण्याचा; टोकं चार. मग फोर्क. प्रत निघताच यादीचीही प्रत निघते, त्यामुळे आता पॅरेंटकडे चार आणि चाइल्डकडे चार टोकं उघडी आहेत. चाइल्ड अजून इंजिन झालेली नाही, अजून आपलाच कोड तिच्यात चालतो आहे. ही फोर्क आणि एक्झेकमधली फट म्हणजे युनिक्सच्या रचनेतली सर्वांत हुशार जागा असं मी म्हणेन. इथे चाइल्ड स्वतःच्या हातानं जाण्याच्या पाइपचं वाचायचं टोक ० वर बसवते, येण्याच्या पाइपचं लिहायचं टोक १ वर बसवते, उरलेली सगळी टोकं बंद करते आणि मगच एक्झेक म्हणते. स्टॉकफिश जागं होतं तेव्हा ० आणि १ तयारच असतात.

'उरलेली टोकं बंद करते' हे वाक्य लोक घाईत वगळतात, आणि तिथेच पाणी मुरतं. पाइपमधून वाचणाऱ्याला 'मजकूर संपला' हे तेव्हाच कळतं, जेव्हा त्या पाइपची लिहायची सगळीच्या सगळी टोकं बंद होतात. एक जरी कुठे उघडं राहिलं तरी वाचणारा वाट पाहत बसतो. समजा, दोन इंजिनांचा सामना लावला आहे. आधी अ सुरू केलं, मग ब. ब जन्मलं तेव्हा पॅरेंटच्या यादीत अ कडे लिहायचं टोक उघडं होतं. त्याची प्रत ब कडे गेली. सामना संपल्यावर पॅरेंटनं अ चं टोक बंद केलं, पण अ ला शेवट दिसत नाही, कारण ब नकळत ते टोक धरून बसलं आहे. म्हणून एक्झेक होताच आपोआप बंद हो, अशी चिठ्ठी फाइल उघडतानाच लावता येते. लिनक्समध्ये ही सोय २.६.२३ या आवृत्तीत आली. पायथॉननं २०१४ च्या ३.४ आवृत्तीपासून तीच रीत मुळातून लागू केली. वारसा हवा असेल तर तसं सांगा, न सांगता मिळणार नाही.

याहून नेहमीचा रोग म्हणजे तुंबणं. लिनक्सवर पाइपमध्ये साधारणपणे ६५,५३६ बाइट मावतात. भरला की लिहिणारा थांबतो, समोरून कुणी वाचेपर्यंत. व्हिडिओंची काटछाट आणि रूपांतर करणारा एफएफएमपेग हा प्रोग्राम आपली प्रगतीची बडबड २ वरून करतो, कारण १ वरून त्याला प्रत्यक्ष व्हिडिओ पाठवता यावा. आता एखाद्यानं त्याला चाइल्ड म्हणून सुरू केलं, २ ला पाइप जोडला, आणि तो पाइप कधी वाचलाच नाही. अर्ध्या मिनिटाच्या क्लिपवर सगळं सुरळीत चालतं. लग्नाचा तीन तासांचा व्हिडिओ दिला की मध्येच कुठेतरी थांबतं. प्रोसेस जिवंत, प्रोसेसर थंड, एरर नाही. एफएफएमपेग पाइप रिकामा होण्याची वाट पाहतो आहे आणि पॅरेंट एफएफएमपेग संपण्याची. बडबड नको असेल तर २ डेव्ह-नलला जोडावा. हवी असेल तर १ आणि २ दोन्ही एकाच वेळी वाचत राहावं. आधी एक संपवू, मग दुसरा पाहू, हे चालत नाही. पायथॉनच्या सबप्रोसेस मॉड्यूलमध्ये 'कम्युनिकेट' हे फंक्शन नेमकं याचसाठी आहे, आणि नुसतं 'वेट' करून बसलात तर तुंबेल असा इशारा त्याच्या मॅन्युअलमध्येच दिलेला आहे.

तिसरा रोग उलट्या बाजूचा: चाइल्ड बोलते, पण ऐकू येत नाही. सी भाषेची लायब्ररी १ च्या मागे टर्मिनल आहे का ते पाहते. असेल तर प्रत्येक ओळ लगेच बाहेर. नसेल तर काही हजार बाइट साठेपर्यंत ओळी स्वतःजवळ ठेवते. नव्यानं इंजिन लिहिणारा हमखास इथे ठेचकाळतो. टर्मिनलमध्ये चालवून पाहिलं तर इंजिन झटपट उत्तरं देतं, पटाला जोडलं की मुकं. त्याचं 'यूसीआयओके' लिहून झालेलं असतं, पण ते त्याच्याच बफरमध्ये पडून असतं. प्रत्येक ओळीनंतर फ्लश करणं हा उपाय. चाइल्डचा कोड आपल्या हातात नसेल तर तिला खोटं टर्मिनल, म्हणजे स्यूडो-टर्मिनल, जोडून फसवावं लागतं. डॉन लिब्स यांचं 'एक्स्पेक्ट' हे १९९० चं साधन याच युक्तीवर उभं आहे.

मराठी मजकुराशी काम पडणाऱ्यांनी आणखी एक ध्यानात ठेवावं. पाइपमधून अक्षरं जात नाहीत, बाइट जातात. यूटीएफ-८ मध्ये देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला तीन बाइट लागतात. 'नमस्ते'मध्ये सहा चिन्हं, म्हणून अठरा बाइट. पॅरेंट ४,०९६ बाइटांच्या घासांनी वाचत असेल तर सलग देवनागरीत १,३६५ चिन्हं पुरी होतात आणि एक बाइट उरतो, म्हणजे पुढच्या चिन्हाचा पहिला तृतीयांश. घास तसाच अक्षरांत बदलायला गेलं की तिथे चौकटी किंवा प्रश्नचिन्ह. मोठ्या मजकुरात मध्येच एखादंच अक्षर बिघडलेलं दिसलं तर पहिला संशय याचा घ्यावा. विंडोजवर वेगळीच तऱ्हा: पायथॉनचा प्रोग्राम कन्सोलवर मराठी व्यवस्थित दाखवतो, पण त्याचं आउटपुट पाइपकडे वळवलं की बऱ्याच यंत्रांवर तो १२५२ क्रमांकाची जुनी युरोपीय वर्णसूची धरतो आणि पहिल्याच देवनागरी चिन्हावर एरर देऊन मरतो. चाइल्ड सुरू करताना तिच्या एन्व्हायर्नमेंटमध्ये 'यूटीएफ-८ वापर' असं पॅरेंटनं सांगून ठेवलं की प्रश्न मिटतो. हीसुद्धा पॅरेंटचीच जबाबदारी.

विंडोजवर फोर्क नाही. तिथे 'क्रिएटप्रोसेस' या एकाच हाकेत सगळं सांगायचं: प्रोग्राम कुठला, त्याचे ०, १, २ कशाला जोडायचे, वारसा द्यायचा की नाही. रचना अवजड वाटते, पण तिच्या बाजूनंही बोलायला जागा आहे. मायक्रोसॉफ्ट रिसर्च, बोस्टन विद्यापीठ आणि ईटीएच झ्युरिक इथल्या चार संशोधकांनी २०१९ मध्ये एका निबंधात स्पष्टच म्हटलं की फोर्क आता निवृत्त व्हावा. अनेक थ्रेड चालू असलेल्या आजच्या अवाढव्य प्रोग्रामची प्रत काढणं धोक्याचं आणि महागाचं झालं आहे, हा त्यांचा मुद्दा. तो मला पटतो. २७ ओळींची ती युक्ती ज्या यंत्रासाठी होती ते यंत्रच राहिलं नाही. युनिक्सच्या जगातही आता 'पॉझिक्स-स्पॉन' आहे, ज्यात जोडण्यांची यादी आधीच लिहून द्यायची असते.

तुम्ही स्वतः असा कोड लिहिणार असाल तर हे सगळं हातानं करू नका. बहुतेक भाषांत तयार, तपासलेली सोय असते. फक्त एक गोष्ट ती सोय तुमच्यासाठी ठरवू शकत नाही: चाइल्ड थेट सुरू करायची की मध्ये शेल घालायचा. शेलमधून गेलं की एक ओळ लिहून भागतं, म्हणून मोह होतो. इमेजमॅजिक हा चित्रांवर काम करणारा प्रोग्राम काही प्रकारच्या फाइली हाताळताना बाहेरून आलेला मजकूर शेलच्या आज्ञेत घालत असे आणि तो नीट गाळून घेत नसे. मे २०१६ मध्ये उघड झालं की खास रचलेलं 'चित्र' वेबसाइटवर चढवलं की सर्व्हरवर हवी ती आज्ञा चालवता येते. प्रोग्रामचं नाव आणि त्याचे आर्ग्युमेंट सुट्या यादीनं दिले तर अर्धविराम, पाइपची उभी रेघ, अवतरणचिन्हं ही नुसती अक्षरं राहतात, त्यांची आज्ञा होत नाही. म्हणून फाइलचं नाव किंवा कुठलाही मजकूर परक्याकडून येणार असेल, तर मध्ये शेल घालू नका.